आई ताटावर बसली

बाबा, आई काल ताटावर बसली. पाटावर नाही, तेवढं अजून जमत नाही. प्लास्टिकच्या खुर्चीत, समोर माझं शिलाईचं स्टूल, त्यावर ताट, आणि तेही खाटेजवळ नाही, तिच्या स्वयंपाकघरात, चुलीच्या तोंडाशी. डाव्या हातानं तिनं भात कालवला. लाखोरीच्या डाळीचं वरण होतं, घोटून मऊ केलेली अंबाडीची भाजी होती. पहिला घास अर्धा पदरावर सांडला. दुसरा नीट तोंडात गेला. ती चावत राहिली, मग तिनं तो गिळला आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं ती धान रोवण्याच्या दिवसांत आपली ओळ सगळ्यांच्या आधी संपवून बाकीच्या बायांकडे पाहायची. तुम्हाला वाटेल, बाई जेवली, यात लिहिण्यासारखं काय आहे. तुम्ही पाहिलेली आई शेताच्या धुऱ्यावर उभ्याउभ्या डबा संपवून पुन्हा चिखलात उतरणारी होती. मधलं काहीच तुम्हाला ठाऊक नाही, म्हणून पहिल्यापासून सांगतो.

मागच्या धानकापणीच्या दिवसांतली गोष्ट. मी समोरच्या खोलीत मशीनवर शाळेचे गणवेश शिवत बसलो होतो आणि आई आत वरणाला फोडणी देत होती. तोंड सुरू होतंच. तिचं तोंड कधी बंद असायचं? शेजारच्या काकूची कोंबडी अंगणात आली म्हणून ती कोंबडीला आणि काकूला एकाच वाक्यात बोलत होती. ते वाक्य मधेच थांबलं. मशीनच्या आवाजात मला आधी कळलंच नाही. मग मोहरी जळल्याचा वास आला. आत गेलो तर ती भिंतीला घसरून बसलेली, तोंड एका बाजूला ओढलेलं, आणि उजवा हात मांडीवर असा पडलेला की जणू दुसऱ्या कुणाचा तिच्याजवळ ठेवायला दिलाय. काकूच्या पोरानं गाडी काढली. अर्जुनीहून गोंदियाला नेईपर्यंत ती माझ्याकडे पाहत होती आणि काहीतरी सांगत होती, पण शब्द एकही नव्हता. लकवा, डॉक्टरांनी सांगितलं. जीव वाचला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, आणि गिळणंही गेलं. पाण्याचा थेंब दिला तरी ठसका लागून चेहरा काळानिळा व्हायचा. म्हणून नाकातून पोटात नळी घातली आणि त्या नळीतून पिचकारीनं पातळ अन्न द्यायला मला शिकवलं. त्या वेळी ते बरोबरच होतं, बाबा. त्या नळीनंच ती जगली. मी कुणाला दोष देत नाही. माझं भांडण नंतरचं आहे.

भांडण हा शब्द माझ्या नावापुढे तुम्हाला विचित्र वाटेल. आपल्या घरात आवाज दोनच होते, एक तुमचा आणि एक तिचा. तुम्ही इटियाडोह धरणाच्या कालव्यावर गेटच्या चाकाशी उभे राहून हाक मारली की पलीकडच्या काठावरचा माणूस थांबायचा. उन्हाळी धानाच्या दिवसांत पाण्याच्या पाळीवरून लोक काठ्या घेऊन यायचे आणि तुम्ही चाकावर बसून विडी पेटवायचात. "मले मारा न् मंग गेट उघडा. पन आधी एकमेकाले विचारा, आज पाळी कोनाची होय." मी डबा घेऊन आलेला असायचो, बाभळीच्या सावलीत बसून सगळं बघायचो, आणि कुणी माझ्याकडे पाहिलं की मान खाली. दहावीनंतर शिवणकाम शिकतो म्हटलं तेव्हा तुम्ही ताट सरकवलं होतं. "आधीच मान वर होत नाही तुयी. आता जनमभर खालीच घालून बसजो." त्यावर आई तुम्हाला जे बोलली ते इथे लिहीत नाही. पण पुढच्या महिन्यात तुम्ही गोंदियाच्या बाजारातून लोखंडी कात्री आणलीत, हातात धरली की मनगट वाकावं एवढी वजनदार, आणि काहीएक न बोलता मशीनवर ठेवून कालव्यावर निघून गेलात. नंतर वीस-बावीस वर्षांपूर्वी एका सकाळी छातीत दुखलं म्हणालात आणि दुपारपर्यंत गेलातही. सेवा करून घ्यायचा प्रसंगच येऊ दिला नाहीत. घरात उरलो आम्ही दोघं. माझं लग्न काही झालं नाही. आधी पाहणारं कुणी नव्हतं आणि मग वय निघून गेलं. बोलायचं काम आई करायची, शिवायचं मी. त्यात आमचं बरं चाललं होतं.

दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा सांगितलं गेलं की काळजी करू नका, आमची माणसं घरी येतील. एक सिस्टर येईल, ती नळी बदलेल, बीपी पाहील. एक व्यायामवाले सर येतील. मला केवढा धीर आला होता! मी समोरची खोली झाडली, मशीन कोपऱ्यात सरकवलं, आईची खाट खिडकीशी लावली. ते आले की चहाला साखर कमी पडू नये म्हणून डबा भरून ठेवला. पहिल्या दिवशी गाडी दाराशी थांबली, एक तरणी सिस्टर आणि व्यायामवाले सर उतरले, आणि पायातल्या जोड्यांसकट थेट खाटेशी आले. सकाळीच सारवलेली जमीन होती. मनात म्हटलं, दवाखान्याची माणसं आहेत, त्यांना घाई असेल.

घाई होतीच. सिस्टरनं आईकडे न पाहता मला विचारलं, "भैया, अम्माजी को अटॅक कब आया था?" मी सगळं सांगितलं. पुढच्या खेपेला दुसरी सिस्टर आली. तिनंही तेच विचारलं. तिसऱ्या खेपेला पहिलीच परत आली आणि तिनं पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं, आणि आई खाटेवरून आमच्या दोघांच्या तोंडांकडे आळीपाळीनं पाहत राहिली. तिच्याशी कुणी बोलायचंच नाही, बाबा. बोललं तर ओरडून, बहिऱ्याशी बोलावं तसं. "अम्माजी! हाथ! हाथ उठाओ!" आईचे कान तर तुम्हाला माहीत आहेत. गल्लीच्या टोकाला कुणी तिच्याविषयी कुजबुजलं तरी तिला ऐकू यायचं. त्यात हिंदी. आईला हिंदी समजते, पण तिच्याशी हिंदीत बोलणाऱ्याला ती आधीच परका समजते. सर तिचा पाय दोनदा वर-खाली करायचे, तेवढ्यात सिस्टर मोबाईलवर त्यांचा फोटो काढायची. फोटो निघाला की व्यायाम संपला. एकदा मी विचारलं, "सर, ही उठून बसेल का?" ते बॅगेची चेन लावत म्हणाले, "इस उमर में जितना है उतना संभालो." आईच्या समोर म्हणाले. तिनं डोळे मिटून घेतले.

आणि सगळ्यांचा एक ठरलेला प्रश्न होता. "घरात लेडीज कोणी नाही का?" आईचं अंग पुसणं, कपडे बदलणं, खालचं सगळं मीच करत होतो. पहिले काही दिवस तिलाही लाज वाटली, मलाही. मग एकदा काकू म्हणाली, "लहानपनी तुयं कोनी केलं गा? तिनंच ना? मंग फिटलं." तेव्हापासून आमची लाज गेली. पण दर खेपेला तो प्रश्न आला की आई तोंड भिंतीकडे करायची. मला एकदा तरी म्हणावंसं वाटायचं, की बाई नाही, मी आहे, मला विचारा काय विचारायचं ते. मी चहा आणायला आत जायचो.

आई नळी ओढायची. डावा हात चांगला होता आणि त्या हातात जोर होता. मी पाणी आणायला गेलो की नळी बाहेर. मग सिस्टर येईपर्यंत उपास, मग पुन्हा नवी नळी, पुन्हा ती उलटी येणारी उबळ, डोळ्यांतून पाणी. तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा सिस्टर वैतागली. तिची चूक नव्हती. इतक्या लांब पुन्हा यावं लागलं होतं. तिनं नळी घातली आणि बॅगेतून पट्टी काढून आईचा डावा हात खाटेच्या बाजूच्या दांड्याला बांधून टाकला. "ऐसे ही रखो भैया, नहीं तो रोज निकालेगी." दोन गाठी मारल्या आणि गेली. आई हाताकडे पाहत होती. ओढून पाहिलं नाही, रडली नाही, नुसती पाहत होती. एक हात लकव्यानं नेला होता आणि दुसरा आता बांधला होता. मी गाठ सोडायला गेलो, सुटेना. तुमची कात्री उचलली आणि पट्टी कापली. आईनं हात उचलून माझ्या डोक्यावर एक टपली मारली. इतके दिवस काय करत होता रे, अशी टपली.

त्या दिवसापासून मी लक्ष द्यायला लागलो. मला औषधातलं काही कळत नाही. पण दिवसभर तिच्याजवळ मीच असायचो. मला दिसलं की आता तिच्या तोंडातून लाळ गळत नाही. आधी उशी भिजायची, आता कोरडी असते. म्हणजे लाळ कुठेतरी जातेय ना? तोंड पुसायला ओलं फडकं फिरवलं तर ती ते ओठांत धरून चोखायची आणि गळा हलायचा. ठसका नाही. मी दवाखान्यात फोन केला, तिकडून सांगितलं, सिस्टरला सांगा. सिस्टरला सांगितलं, ती म्हणाली, सरांना विचारा. सर म्हणाले, ते माझं काम नाही. दुसरी सिस्टर आली, तिला पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, तर ती म्हणाली, "पाईप तर आता राहीलच हो, दादा. कायमचंच असते हे." कुणी वाईट बोललं नाही. कुणी नाही म्हटलं नाही. पण आईच्या गळ्याकडे एकानंही वाकून पाहिलं नाही. मी मनात म्हणायचो, आई बोलत असती तर यांची काय हिंमत होती. आणि मग लक्षात यायचं की आता घरात बोलणारं दुसरं कुणीच नाही.

मोहफुलं पडायला लागली होती, बाया टोपल्या घेऊन जंगलाकडे जायच्या, त्या दिवसांतली ती दुपार आहे. सकाळी आईनं पुन्हा नळी काढलेली असते. मी फोन केलेला असतो. गाडी येते. तीच पहिली सिस्टर, मागे सर. ती हातमोजे घालते, नवी नळी पाकिटातून काढते, आणि मी खाट आणि तिच्या मधे जाऊन उभा राहतो. मला माहीत नव्हतं मी असं करणार आहे.

"सिस्टर, पाईप टाकायच्या आधी हिला गिळता येते का, ते कोणी तरी पाहा. मंग टाका."

"भैया, फाईल में लिखा है. नळीनेच फीड."

"ते कवा लिहिलं? घरी पाठवलं तवा. तवा हिची मान उभी राहत नव्हती. आता पाहा ना."

सर पुढे आले. "दादा, समझो. खाना फेफड़े में चला गया तो? निमोनिया हो जाएगा. जिम्मेदारी कोण घेणार?"

"मी तोंडात घाला असं नाही म्हनून राहिलो, सर. मी पाहा असं म्हनून राहिलो. आजपावतो कोनी पाहिलंच नाही."

माझा आवाज चढला नव्हता. तुमच्यासारखा चढतच नाही तो. पण मी हललो नाही. सिस्टरच्या हातात नळी तशीच. ती सरांकडे पाहत होती, सर घड्याळाकडे. मग सर हळू आवाजात, मला समजावल्यासारखं म्हणाले, "देखो, टेस्ट के लिए पेशंट को बात समझनी चाहिए. इनको तो कुछ समझता नहीं है. यही सच है, मान लो."

आणि खाटेवरून आवाज आला.

"जोडे."

आम्ही तिघं वळलो. आई डाव्या कोपरावर जोर देऊन डोकं उचलायचा प्रयत्न करत होती. तोंड वाकडं, कपाळावर घाम, आणि डोळे सिस्टरच्या पायांवर. तिनं पुन्हा शब्द गोळा केला, जसं जड ओझं एकदा खाली ठेवून पुन्हा उचलतात तसं, आणि म्हणाली, "जो... डे. काढ."

सगळा हिवाळा जो राग तिनं साठवला होता, तो एवढाच होता, बाबा. सारवलेल्या जमिनीवर जोडे. मला इतकं हसू आलं की मी मशीनचा कोपरा धरला. सिस्टर पायांकडे पाहत होती. तिचं तोंड लाल झालं. मग तिनं हातातली नळी पाकिटावर ठेवली, दाराशी गेली, लेस सोडल्या आणि जोडे बाहेर ठेवले. सर क्षणभर तसेच उभे राहिले. आईनं डोळे त्यांच्याकडे वळवले. त्यांनीही काढले.

सिस्टर परत आली ती खाटेशी खाली बसली. पहिल्यांदाच बसली. तिच्या टाचेला मोज्यातून फोड आलेला दिसत होता. तिनं आईच्या गळ्यावर दोन बोटं ठेवली आणि या वेळी ओरडली नाही. "अम्माजी, थूक गिळा." आईनं गिळलं. "फिर से." गिळलं. "खोकून दाखवा." आई खोकली, चांगली ठणठणीत. सिस्टर मान वर न करता मला म्हणाली, "भैया, मला पाईप बदलायला पाठवतात. पाहायला कोणी पाठवत नाही. सकाळपासून फिरून राहिली मी." आणि तिथेच बसून तिनं डॉक्टरांना फोन लावला. तिकडून काय बोलणं झालं मला कळलं नाही, पण ती दोनदा म्हणाली, "नहीं सर, मैंने खुद देखा है." फोन ठेवून म्हणाली, "आजच आणायला सांगितलंय. आपलं घर शेवटचंच होतं. चला, आमच्याच गाडीत चला."

नंतर गावात काकूनं ही गोष्ट घरोघरी सांगितली. तिनं खिडकीतून ऐकली होती. सगळे म्हणतात, शेवटी बापावर गेला. मीही कुणाला नाही म्हणत नाही. पण तुम्हाला खरं सांगतो, तिथे उभा होतो तेव्हा मला तुमची आठवण अजिबात आली नव्हती. आईच्या कोरड्या उशीची आली होती.

गोंदियाला गिळणं तपासणाऱ्या डॉक्टरबाईंनी तिला ताठ बसवलं, हनुवटी खाली करायला सांगितली आणि चमच्यानं पाणी दिलं. ठसका लागला. मग त्यांनी घट्ट दह्याचा अर्धा चमचा जिभेवर ठेवला. आईनं तो तोंडात फिरवला. खूप वेळ फिरवला. गळा वर गेला, खाली आला. डॉक्टरबाई तिच्या गळ्याला स्टेथोस्कोप लावून ऐकत होत्या. "बोला, आई." आई म्हणाली, "आ." आवाज स्वच्छ होता, घरघर नव्हती. दुसरा अर्धा चमचा. तिसरा. डॉक्टरबाईंनी माझ्याकडे पाहून विचारलं, "यांना आधी का नाही आणलंत?" मी सिस्टरकडे पाहिलं, सिस्टरनं माझ्याकडे.

त्या दिवशी नळी निघाली नाही, हेही सांगतो. पाण्याचा भरवसा नव्हता म्हणून ती पुन्हा घालावी लागली. आई माझ्याकडे इतक्या रागानं पाहत होती, की जणू मीच फितूर झालो. पण आता सोबत एक काम मिळालं होतं: ताठ बसवून, हनुवटी खाली, घट्ट काहीतरी चमच्यानं, रोज थोडं थोडं वाढवायचं, आणि आधीचा घास गेल्याशिवाय पुढचा नाही. आमच्या गावाला दर वेळी तीच सिस्टर यायला लागली. तिनंच तसं मागून घेतलं म्हणे. आली की जोडे दाराशी, आणि आधी आईच्या पायाशी बसून विचारणार, "काय अम्माजी, काय खाल्लं?" आई सांगायची. एक शब्द, मग दोन. "दही." "केळ, गोड." एकदा घट्ट पेज चाखून चमचा ढकलून दिला आणि म्हणाली, "मीठ!" सिस्टर मला म्हणाली, "भैया, बीपी आहे, मीठ कमीच." आई म्हणाली, "कमी नाही. नाहीच." पूर्ण वाक्य होतं ते! सिस्टरनं टाळी वाजवली आणि लगेच इकडेतिकडे पाहिलं, कुणी बघितलं तर नाही ना.

व्यायामवाले सर काही फारसे बदलले नाहीत. अजूनही फोटो काढून घेतात. फक्त आता मोबाईल वर झाला की आई तोंड फिरवते आणि म्हणते, "आधी पाय." मग सरांना आधी पाय हलवावा लागतो, नीट, तिचं समाधान होईपर्यंत. त्यातून ती बसायला लागली, हे त्यांनाही मान्य आहे. परवा मला म्हणाले, "बुढ़िया में दम है." मी म्हटलं, "सर, तिला ऐकू येते." ते हसले, पण मग आईकडे वळून म्हणाले, "चांगलं करून राहिल्या, मावशी." आईनं मान डोलावली. पुरतं माफ केलेलं नाही तिनं.

उन्हाळी धानाच्या लोंब्या पिवळ्या व्हायला लागल्या त्या आठवड्यात डॉक्टरबाईंनी पाण्याची परीक्षा पुन्हा घेतली आणि नळी काढायला हो म्हटलं. ती घरीच काढायची ठरली. सिस्टर खाटेशी बसली, नाकावरची चिकटपट्टी हळू सोडवली आणि म्हणाली, "अम्माजी, काढू?" इतक्या महिन्यांत तिला कुणी विचारून केलेली ही पहिली गोष्ट. आई म्हणाली, "मी काढतो." आपल्याकडच्या बाया बोलतात तसंच म्हणाली, "काढतो." आणि ज्या हाताला पट्टी बांधली होती त्याच हातानं तिनं ती नळी ओढली, सावकाश, सिस्टरचा हात सोबतीला ठेवून, आणि बाहेर आल्यावर ती माझ्या मांडीवर टाकली. काकू दारात उभी राहून रडत होती. आई तिला म्हणाली, "काऊन रडते? तुयी कोंबडी पाह्य, आत आली."

आवाज परत आला, बाबा. पूर्वीएवढा नाही, अडखळत येतो, कधी डाळीला धान म्हणते, कधी मला तुमच्या नावानं हाक मारते. पण गल्लीत ऐकू जातो. सकाळी मशीन सुरू केलं की खाटेवरून सूचना सुरू होतात, आणि गणवेश घ्यायला आलेल्या बाया कापड बाजूला ठेवून आधी तिच्याजवळ जाऊन बसतात. परवा एकीच्या सासऱ्याला लकवा झाला म्हणून ती विचारायला आली होती, घरी येणारी माणसं नीट पाहत नाहीत, काय करावं. मी तिला म्हटलं, रोज काय दिसते ते पाहत जा, आणि ते आले की आधी तेच सांग, चहा नंतर. मधे उभी राहा, पण ओरडू नको. एवढं मी गिऱ्हाईकाशी आजवर कधी बोललो नव्हतो. ती गेल्यावर आई म्हणाली, "बोलला." मी कपड्यावर खडूनं रेघ मारत राहिलो.

आता कालचं. खुर्ची, स्टूल, ताट, ते सांगितलंच. मी तिच्यासमोर उकिडवा बसलो होतो, घास अडकतो का ते बघत, हातात पाण्याची वाटी धरून. निम्मं ताट संपलं आणि ती थांबली. मला वाटलं, दमली. तिनं माझ्या हाताकडे पाहिलं, जमिनीकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं.

"तुयं ताट कोठी?"

मी म्हटलं, भूक नाही, मागून जेवतो.

"आन."

मी ताट वाढून घेतलं आणि तिच्यासमोर जमिनीवर बसलो. आम्ही दोघं जेवलो. तिला वेळ लागतो, म्हणून मीही हळू जेवलो. वरणात मीठ कमी होतं, दोघांच्याही.

हे तुम्हाला पाठवायचं कुठे, मला माहीत नाही. पत्ता नाही म्हणून पाकीटही आणलं नाही. एक गोष्ट मात्र कुणालाच सांगितलेली नाही, ती इथे लिहून ठेवतो. तिच्या नाकात नळी होती ते सगळे महिने या घरात मी जेवलो नाही. वास तिच्यापर्यंत जाईल म्हणून फोडणीच घातली नाही. तिला सांगायचो, काकूकडे जेवलो. काकूला सांगायचो, घरी जेवलो. आणि धागा आणायच्या नावानं बस स्टँडवर जाऊन, पाठ रस्त्याकडे करून, घाईघाईनं समोसे खाऊन यायचो. आईला ते पहिल्यापासून माहीत होतं. काल जेवण झाल्यावर हात धुवून देत होतो, तेव्हा म्हणाली, "समोस्याचा वास येत होता रे."

मी तिचा हात पुसला आणि दोन्ही ताटं उचलली.